बंद खिडक्यांची धुरी

माझ्या नवऱ्याला मी एकदा धुरी दिली. बाळंतिणीला देतात तशी. बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत गोवरीचा विस्तव, त्यावर ओवा आणि लसणाची सालं, अंगावर गोधडी. खोलीच्या दोन्ही खिडक्या घट्ट लावल्या. दाराच्या फटीत पोतं कोंबलं, औषध वाया जायला नको म्हणून. आणि हा माणूस फुप्फुसाच्या जुन्या दुखण्याचा, दोन पावलं चालला की धापा टाकणारा. तेव्हा मी साठीची होते, म्हणजे अक्कल येण्याचं वय अजून झालेलं नव्हतं.

ते आत खोकत होते आणि मी स्वयंपाकघरात बसून खूश होत होते, की कफ सुटून राहिला! मग खोकला थांबला. मला वाटलं, गुण आला. गोधडी उचलली तर ओठ निळे.

अकोल्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीएवढी असेल. तिनं विचारलं, "यांना धुरात कोणी ठेवलं?"

"मी," मी सांगितलं. तेही बक्षीस घ्यायला उभी राहिल्यासारखं.

"आजी, यांच्या फुप्फुसाचा निम्मा भाग आधीच गेला आहे. उरलेल्यात तुम्ही धूर भरलात. परत असं केलं तर मी पोलिसांना बोलावीन."

सगळा वॉर्ड ऐकत होता. पलीकडच्या खाटेवरची बाई तर नीट ऐकू यावं म्हणून उठून बसली. मी काठापदराचं लुगडं नेसून गेले होते, ते अंगावरून गळून पडतं की काय असं झालं. पण पोरगी बरोबर होती. घरी आल्या आल्या मी शेगडी भंगारवाल्याला दिली. उदबत्ती बंद, मच्छरची कॉइल बंद. मिरचीची फोडणी द्यायची तर हे आधी अंगणात जाऊन बसणार. देवाला म्हटलं, तुला निरांजनावर भागवावं लागेल.

मुळात हे दुखणं आलं कुठून? बिडी नाही, तंबाखू नाही. तीस वर्षं अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात, सरकी काढायच्या यंत्राजवळ, कपाशीच्या गंजीपाशी उभं राहणं, एवढंच व्यसन. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, कानात रुई. मी दारातच हसायची, "आला वं माय माझा म्हातारा!" काय कौतुक वाटायचं मला त्या विनोदाचं! रोज करायची. ती रुई जशी मिशीत बसत होती तशी छातीतही बसत असेल, हा विचार माझ्या टाळक्यात एकदाही शिरला नाही. माझं सोडा, मी घरातली बाई. मालकाला माहीत होतं. त्याच्या खोलीला चारही बाजूंनी काच होती. रुईत उभ्या माणसांना मात्र तोंडाला बांधायला स्वतःचा दुपट्टा, तोही घरून आणलेला.

मग सगळे म्हणाले, अमरावतीला जा, तिथली हवा चांगली. लेकही इथंच राहते. म्हणून आम्ही हवेसाठी गाव सोडलं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी दारापासून फाटकापर्यंत चाला. बावीस पावलं. फाटकाशी मी खुर्ची ठेवली. हे तिथं बसतात, पेपर वाचतात, दूधवाल्याशी दोन शब्द बोलतात. दोनच, कारण तेवढाच दम पुरतो. बाकीचा दिवस खाटेवर. जगणं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढं एकच उरलं आहे.

आणि फाटकासमोर आहे रिकामा प्लॉट. थंडी सुरू झाली की समोरचा शेजारी, चांगला शिकलेला, पेन्शन खाणारा माणूस, सकाळी सकाळी तिथं काडी लावतो. पाला, थर्माकोल, पोरांचे डायपर, तुटलेली चप्पल, सगळं एकत्र. शिवाय तिथंच उभा राहून हात शेकतो.

मी जाऊन सांगितलं, "भाऊ, आमच्या घरी दम्याचा पेशंट आहे."

"काकू, कचरागाडी चार-चार दिवस येत नाही. काय करू, घरात ठेवू?"

"मग पाला तरी जाळू नका, तो पडल्या जागी कुजतो."

"धूर काय, वर निघून जाते. आपण सगळे चुलीच्या धुरातच वाढलो. काय झालं आपल्याले?"

"तुमची माय कशानं गेली?" मी विचारलं. तो मान खाली घालून पाला सरकवू लागला. ती खोकून खोकून गेली, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

पण लाज फार वेळ टिकली नाही. "काकांना सकाळी बाहेर नका ना काढू," तो म्हणाला. "आत झोपवा अन् खिडक्या लावून घ्या."

खिडक्या लावून घ्या! आजारी माणसानं कोंडून घ्यायचं आणि धडधाकट माणसानं बाहेर हात शेकायचे. महानगरपालिकेत गेले, तर तिथला बाबू म्हणाला, अर्ज करा. अर्ज केला. दोन थंड्या झाल्या, तो अर्ज अजून वाचतोच आहे.

परवा सकाळी हे फाटकापर्यंत पोचले, खुर्चीत टेकले, आणि समोर भडका. माझं डोकं फिरलं. धुण्याची भरलेली बादली उचलली, रस्ता ओलांडला आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत सगळी ओतली. सत्तरी जवळ आली, तरी ओल्या कचऱ्याचा धूर दुप्पट होतो हे मला सुचलं नाही. पांढरा लोटच्या लोट उठला आणि सरळ आमच्या फाटकात शिरला. शेजारी म्हणाला, "पाह्यलं काकू? आता तर तुमीच केलं." आणि आत निघून गेला.

ती बावीस पावलं मी यांना परत कसं आणलं, माझं मला माहीत. दोनदा पंप दिला, मग वाफेचं मशीन लावलं. मी पायाशी बसले. म्हटलं, "पुन्हा मीच धुरी दिली तुमाले. शिव्या द्या, पण बोला."

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. एका दमात होत नव्हतं, तीनदा थांबून म्हणाले, "तुले ते डॉक्टरीण तरी रागावली वं. या लोकाइले कोन रागावन?"