दशम्यांच्या डब्यातल्या गोळ्या

त्या दिवशी मुंबईच्या बंदरावर आम्ही चार जण होतो. मी, आमचे मालक, आमची मोठी मुलगी आणि जावई. मुलगी-जावई सोडायला आले होते, ते तिथूनच मागे फिरले. बोटीवर आम्ही म्हातारा-म्हातारीच चढलो. पुढे बोटीवर बोदवडकडची एक बाई आणि तिचा नवरा यांची ओळख झाली. आणि तिथला डॉक्टर, पोरगेलासाच होता. एवढीच माणसं. बाकी हजारभर असतील, त्यांचं मला काही ठाऊक नाही.

मी दुसरी शिकलेली, तेही विसरले. मी सांगतेय आणि नात लिहितेय. ती मधे मधे थांबते, मी म्हणते लिही, थांबू नको.

आमचं गाव नरडाण्याजवळ. कापूस, बाजरी, थोडी दादर ज्वारी, एवढीच शेती. मालकांच्या छातीत तीन वर्षांमागे झडप बसवली. काळजातली खराब झाली म्हणून खोटी घातली. सगळं शांत असलं की तिचा आवाज येतो, टिक टिक टिक, घड्याळासारखा. सुरुवातीला मी भ्याले. नंतर तो आवाज ऐकल्याशिवाय मला चैन पडेना. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "आजी, ही रक्त पातळ करायची गोळी. रोज एकाच वेळेला. एक दिवस पण चुकवायची नाही. चुकली तर झडपेवर रक्ताची गाठ धरते, आणि ती गाठ डोक्यात गेली तर माणूस उठत नाही." मी मान हलवली. अक्षर वाचता येत नसलं तरी असं बोललेलं विसरत नाही माणूस.

पण मालक घरात टिकणारे नव्हते. सहा महिन्यांतच शेतात. गोळी घरी, ते शेतात. मग मी रीत पाडली. तिसऱ्या पहरची भाकर बांधताना त्याच फडक्यात गोळी बांधायची. पाच वाजता फडकं सोडलं की भाकरीच्या आधी गोळी हाताला लागायची. तीन वर्षांत एकदाही चुकली नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "अक्का, तुम्हनी युक्ती भारी शे." मला पण तसंच वाटायचं.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलीने ही बोटीची सहल ठरवली. तीन रात्री, चार दिवस. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, परत मुंबईला यायचं. मधे कुठे उतरायचं नाही.

मालक म्हणाले, "कोठे उतरनं नही, कोठे जानं नही. हाई तं घाण्याना बैलगत व्हयनं."

मुलगी हसली. "आबा, बैलाला एसी खोली मिळते का? खायला बसल्या जागी मिळतं का?"

"मंग त्या बैलनं नशीब मोठं शे," ते म्हणाले, आणि तयार झाले.

मी दशम्या केल्या. निव्वळ दुधात भिजवलेल्या, पाण्याचा थेंब नाही, चार दिवस टिकतात. सोबत लसणाची चटणी. स्टीलच्या डब्यात खाली गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरची चिठ्ठी फडक्यात बांधून ठेवली, वरून दशम्या रचल्या. शेतात जाताना ठेवायचे तशाच, खाण्यासोबत. मला दुसरी जागा सुचलीच नाही.

बंदरावर मुलीने विचारलं, "आई, गोळ्या घेतल्या ना?"

"लिध्यात बाई, लिध्यात. कितीदाव इचारशी?"

मुलगी-जावई आत शिरले नाहीत, त्यांना परवानगी नव्हती. आत सामान एका पट्ट्यावरून जात होतं. निळ्या कपड्यातल्या माणसाने आमची पिशवी उघडली आणि डबा बाहेर काढला. म्हणाला, "आजी, बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही."

मी म्हटलं, "अरे भाऊ, दशम्या शेतस. घरन्या. तू पन एक खाई पाय."

त्याला हसू आलं, पण डबा त्याने मागे एका मोठ्या पिंपाजवळ नेऊन ठेवला. मी परत बोलायला लागले तर मालक माझ्यावर चिडले. "दी टाक वं. आठे बोटवर शंभर पदार्थ भेटतीन, अन तू दशम्यांकरता भांडस. लोके देखी राहिनात." मागे रांग होती. सगळे बघत होते खरे. मी पिशवी उचलून पुढे झाले.

तेव्हा गोळ्या आठवल्या का नाहीत, हे मला पुष्कळांनी विचारलं. नाही आठवल्या. मला दुधाचं वाईट वाटत होतं. अडीच लिटर दूध गेलं, हेच डोक्यात.

बोटीत मग खोली शोधणं, गळ्यात कार्ड, वर-खाली जाणारा पाळणा. मालक पाळण्यात चढेनात, सात जिने चढून गेले. वर आलो तेव्हा जमीन सरकायला लागली होती. आपण सरकतोय असं वाटत नाही, मुंबईच दूर जातेय असं वाटतं. पायाखाली सारखी घरघर, जमिनीखाली चक्की चालू आहे अशी. मला ते आवडलं नाही. मालक कठड्याला धरून म्हणाले, "इतलं पानी, अन चूळ भरानी सोय नही." मग पाच वाजले असतील, त्यांनी माझ्यापुढे तळहात पसरला.

मी त्या हाताकडे बघत राहिले.

"डबामां राहिन्यात," मी म्हटलं.

"कोनता डबामां?"

"दशम्यांना."

त्यांनी तळहात मागे घेतला. मग हसले. "मंग तो शिपाई आते गोया खाई राहिना व्हई. त्यानंच रगत पातय व्हई."

मी म्हटलं, "चला, कोणाला तरी सांगू. अजून किनारा दिसतोय."

"कोनले सांगू नको. आंडेरले समजनं तं जनमभर टोचत राही. तीन दिवसनी बात शे. तेवढामां काय मरस का मी?"

आणि तेवढ्यात त्याच आंडेरचा, मुलीचा, फोन आला. अजून लागत होता फोन. "आई, निघाली का बोट? आबांची गोळी झाली?"

मी म्हटलं, "व्हयनी."

हे मी लपवत नाही. मालक समोर उभे होते, डोळे वटारून. पण जीभ माझी होती. अर्ध्या तासाने किनारा गेला आणि फोनही गेला.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे पाणी. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, कुठे काठी रोवायला जागा नाही. नाश्त्याच्या टेबलावर बोदवडकडची बाई भेटली. केळीवाले लोक. तिने ताटातलं केळं उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं. "अक्का, हे केयं पाह्यलं का? आमच्या इकडं असं केयं ढोरंबी हुंगत नही." मी त्या दिवशी तेवढीच हसले. मालक आणि तिचा नवरा शेताच्या पाण्याच्या पाळीवर बोलत बसले. मालक ठणठणीत दिसत होते. तीन वेळा ताट भरून आणलं. पण मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. घास डावीकडे जातो की उजवीकडे, पेला नीट धरतात की नाही. जेवायचं सोडून नवऱ्याचं तोंड बघत बसलेली बाई, त्या बोदवडवालीला समजलंच. पाच वाजायच्या सुमाराला तिने मला बाजूला घेतलं. मी सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मंग कायले घाबरता? आमच्या ह्यायची बी रगत पातय कराची गोयी हाये. घ्या एक."

आमच्याकडे गल्लीत असंच चालतं. एकीच्या घरची दवा दुसरीला. गुडघ्याची गोळी चार घरं फिरते. रक्त पातळ म्हणजे रक्त पातळ, त्यात आणखी काय? तिची गोळी लहान होती, रंगही वेगळा होता. मी तरी मालकांच्या हातावर ठेवली. ते म्हणाले, "देख, व्हयनं काम." मलाही छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले. नंतर जे व्हायचं ते व्हायला लागलं तेव्हा मला सगळ्यात जास्त त्या जेवणाची शरम वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालक उठले नाहीत लवकर. एरवी कोंबड्याआधी उठणारा माणूस. मी त्यांच्या छातीला कान लावला. टिक टिक होती, पण कापडात गुंडाळल्यासारखी. मी कान काढला, परत लावला. खालची चक्की घरघरत होती, म्हणून ऐकू येत नाही असं मनाला समजावलं. मग पलंगावरून त्यांना उठवून बसवलं, परत ऐकलं. तसंच. तीन वर्षं तो आवाज ऐकते मी. मला कोणी शिकवायला नको.

"काय देखी राहिनी?" ते म्हणाले. "मी आजून जिता शे."

त्यांना चहा प्यायला बोदवडवाल्यांजवळ बसवलं आणि विचारत विचारत एकटीच डॉक्टरकडे गेले. मालकांना सांगितलं नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा न सांगता गेले, तेही एक दिवस उशिरा. एक कशाला, दीड दिवस.

डॉक्टर मराठी बोलणारा होता. झडप म्हटल्याबरोबर खुर्चीतून पुढे सरकला. "आजी, गोळीचं नाव काय?"

"नाव नाही ठाऊक. पांढरी होती. मधे रेघ."

"किती पॉवरची?"

"चिठ्ठीत होतं."

"चिठ्ठी कुठंय?"

"डब्यात." मी तोंड खाली घातलं. "काल एक गोळी दिलीय. बोदवडच्या बाईंच्या यांची. तीही रक्त पातळची."

त्याने डोळे मिटले. मला म्हणाला, रागावून नाही म्हणाला, "आजी, ती वेगळी. झडपेला ती पुरत नाही. पहिल्याच संध्याकाळी का नाही आलात? माझ्याकडे रक्त पातळ करायची सुई आहे. मी धुळ्याला बोलून घेतलं असतं, बोटीवरून बोलता येतं."

बोटीवरून बोलता येतं, हे मला कोण सांगणार होतं? आणि मी कोणाला विचारलं होतं?

तो सामान घेऊन उठला. आम्ही दारातच होतो आणि बोदवडवाल्या बाईचा नवरा धापा टाकत आला. म्हणाला, "अक्का, लवकर चला. त्यांच्या हातातून कप पडला. आणि बोलताहेत ते काही समजत नाही."

मी पळाले. मालक खुर्चीत तिरके झाले होते. चहा मांडीवर. तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले, तीन-चार वेळा म्हणाले, आणि आपण बोलतो ते समोरच्याला समजत नाही हे त्यांना कळलं, ते मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. बोदवडवाली रडत होती, "मीच दिली व माय ती गोयी." डॉक्टर तिला म्हणाला, तुमच्या गोळीने हे झालं नाही. मी पण तिला म्हटलं, "तुम्ही दिली, मी घेतली. तुमचा दोष नाही." खरंच नव्हता.

डॉक्टरने त्याला जमलं ते केलं. बोट वेगाने माघारी फिरवली, तरी बंदर यायला मध्यरात्र उलटली. तेवढा वेळ मी त्यांचा उजवा हात धरून बसले. हात ऊन होता, पण पकडत नव्हता. बाहेर लोक नाचत होते, गाण्याचा आवाज येत होता. त्यांना काय ठाऊक. खिडकीतून पाणी, नुसतं पाणी, आणि आम्ही जिथल्या तिथेच आहोत असं वाटत होतं.

मुंबईच्या दवाखान्यात सतरा दिवस गेले. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, कोणाला दोन दिवस चुकलं तर काही होत नाही, कोणाला होतं. ते कोणाच्या हातात नाही. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. मुलीने आठव्या दिवशी विचारलं, "आई, फोनवर तू झाली म्हणाली होतीस ना?" मी म्हटलं, "हो. खोटं बोलले." ती उठून बाहेर गेली. संध्याकाळी आली ती माझ्यासाठी चहा घेऊन. त्याच्यावर आम्ही परत बोललो नाही.

मालक आता घरी आहेत. बठ्ठं, सगळं समजतं त्यांना. उजवा हात गेला, बोलणं गेलं. शेत भाच्याने कसायला घेतलंय. मी भरवते, ते खातात. कधी माझा हात ढकलून देतात, मग थोड्या वेळाने स्वतःच तोंड उघडतात. मी रागावत नाही. रागवायची पाळी माझी नाही.

आता वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी कोणाला रोजची गोळी असेल तर तिचं नाव आज कोणाकडून तरी मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि तो कागद त्या माणसाच्या अंगावरच्या खिशात ठेवा. आणि गोळी चुकली तर त्याच घडीला सांगा. रागावतील त्यांना रागावू द्या.