सल्ला न देणाऱ्यांचा शनिवार

किस्से मी जमवत नाही. मिरा रोडच्या आमच्या घरी शनिवारी दारात चपला जमतात, तसे तेही जमतात.

सून स्नेहा कोच आहे. खेळाची नव्हे! लोक अडचण घेऊन येतात, ती प्रश्न विचारते, उत्तर त्यांनी शोधायचं. सल्ला द्यायचा नाही. शनिवारी आणखी तीन कोच आणि त्यांच्या मॅडम येतात. आठवड्यात कुणाचं कुठे चुकलं, ते बघायला.

पहिल्याच दिवशी वॉचमननं सगळ्यांना गच्चीवर पाठवलं. मला म्हणाला, "अंकल, कोच लोग आये थे. मैंने बोला, कबड्डी ऊपर खेलो!"

*

मॅडम म्हणाल्या, "मी यांची सुपरवायझर."

मी ताठ बसलो. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मीही सुपरवायझरच होतो. विचारलं, "माल खराब निघाला तर काय करता?"

"प्रश्न विचारते."

"कुणाला? मालाला?"

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं!

*

क्लायंट गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं, असं मॅडमनी शिकवलेलं. तिघा कोचांपैकी एक, चौक गावचा डॉमनिक, पाऊण तास गप्प बसून आला.

"त्या शांततेत काय चाललं होतं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"घोरत व्हता, मॅडम. मी उठवला न्हाय!"

*

स्नेहाला खोड सल्ल्याची. तिच्या एका क्लायंटनं नोकरीच सोडली.

"तू सांगितलंस?"

"नाही मॅडम! मी फक्त विचारलं, 'राजीनामा आजच का देत नाहीस?'"

सगळे हसले. मॅडम नाही. कोचच्या सर्टिफिकेटला त्यांच्या सहीचं पत्र लागतं. म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी माझ्यासमोर सेशन घे. एक जरी सल्ला निघाला, तर सही नाही."

स्नेहा आठवडाभर नीट जेवली नाही.

*

त्या शनिवारी तिचा क्लायंट आलाच नाही. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बसा."

बसलो. म्हटलं, "गुडघा दुखतो. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. मला नको."

आता, ऑपरेशन करा म्हणून वर्षभर माझ्यामागे लागलीय ती स्नेहाच! तिनं ओढणी मुठीत आवळली.

"बाबा, तुम्हाला कसली भीती वाटते?"

"कुणीतरी हात धरून संडासला नेईल, त्याची."

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. तिचे डोळे भरले. पण सल्ला नाही. शेवटपर्यंत प्रश्नच!

मॅडमनी पत्रावर सही केली. पेन बंद केलं. मग माझ्याकडे वळल्या. "अहो आजोबा, करून टाका ना ऑपरेशन! माझ्या आईनं केलं, आता चार जिने चढते!"

डॉमनिकचं बिस्किट चहात पडलं.

मॅडम उठल्या, बाल्कनीत गेल्या, स्वतःच्या सुपरवायझरला फोन लावला. "सर, मला सुपरव्हिजन हवंय. नाही, नाही... आत्ताच!"