पुदिन्याला टाळी

एलिया घरी आला की उंबऱ्याबाहेरच थबकायचा. आतून बायकोचा, दीनाचा, आवाज यायचा, "हात!"

मग चिमूटभर राख, मग शिकेकाई, मग पुन्हा राख, थेट कोपरापर्यंत. इतकं करूनही माठाला शिवायचं नाही. पाणी हवं तर दीना तांब्या भरून देणार. हा माणूस नगरच्या कॅम्पात रोज दोन डझन साहेबांची तहान भागवत होता, आणि भिंगारातल्या आपल्या दोन खोल्यांत त्याला स्वतःचं फुलपात्र स्वतः भरायची मुभा नव्हती.

लष्कराच्या मेसवर तो आबदार होता. साहेबलोकांचे दारूचे प्याले सजवून द्यायचे, हे त्याचं काम. मूळचा तिसगावचा. मिसरूड फुटायच्या आत कॅम्पात बशा धुवायला लागला, आणि तिथल्या म्हाताऱ्या गोवेकर बटलरानं त्याला एकदा पुदिन्याची जुडी हुंगताना पकडलं. शिव्या बसणार म्हणून एलियानं मान आत घेतली, तर बटलर खुशीत म्हणाला, "नाक आसा रे तुका, पुता! नाक! जीब नाका!"

जीभ नको, हे बरंच झालं. कारण लग्नाच्या वेळी एलियानं ख्रिस्ती देवळात शपथ घेतली होती, दारूचा थेंब ओठाला लावणार नाही. लावलाही नाही. जीन, लिंबू, मोसंबी, पुदिना, सगळं तो वासावर जमवायचा. डोळे मिटून प्याला नाकाशी धरला की त्याला रंग दिसायचे. लिंबू पिवळं पडायच्या आधीचा हिरवा, मोसंबीची साल पिळताना उडणारं बारीक धुकं. कॅम्पातून घरी येताना कडुनिंबांच्या सावलीतून तो असा चालायचा, की टांगेवाले ओरडायचे, "ओ आबदार, झोपेत चाललाय व्हय?"

कर्नलसाहेब तर पहिला घोट घेऊन दरवेळी तेच म्हणायचा. एलिया घरी त्याची हुबेहूब नक्कल करायचा, पोट पुढे, हनुवटी आत, "वेल, एलिया! टुमारा हाट में जाडू है!"

"हाट?" दीना पदराआड हसायची. "कुठला हाट? भिंगारचा का नगरचा?"

"हात गं. माझ्या हातात जादू हाय म्हन्तोय."

हात म्हटलं की तिचं हसू मावळायचं. दीनाचा बाप दारूनं गेला होता. त्याच्या तोंडाचा, अंगरख्याचा, अंथरुणाचा वास तिच्या लहानपणावर बसला होता. नवरा पीत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ज्या हातांनी दिवसभर बाटल्या उघडल्या, त्या हातचं साधं लिंबूपाणीसुद्धा तिच्या घशाखाली उतरणं शक्य नव्हतं. आणि एलियाचं सगळं स्वप्न तेवढंच होतं. दीनानं एकदा, फक्त एकदा, त्याच्या हातचा प्याला रिकामा करावा.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात साहेब विलायतेला निघाले. मेसचं अर्धं सामान खोक्यांत गेलं. एके दिवशी भर दुपारी एलियाला सुट्टी मिळाली, वर उरलेला बर्फाचा तुकडाही. तो त्यानं भुशात घातला, गोणपाटात गुंडाळला, बागेतल्या नळाखालचा पुदिना खुडला, बाजारातून लिंबं, सब्जा आणि बेलापूरकडची मोसंबी घेतली आणि वितळायच्या आत घर गाठलं. त्या दिवशी स्त्रियांची प्रार्थनासभा दीनाकडे होती.

"बर्फ कशापायी?" दीनानं विचारलं. "च्या टाकलाय मी."

"ह्या उन्हात च्या? पाळकीनबाई वितळून जातील. मी करतो की सरबत."

"नगं."

"अगं, त्यात काय बी नसतंय. लिंबू, मोसंबी, पुदिना, सब्जा."

"तुमचे हात असत्यात," दीना म्हणाली.

एलियानं गोणपाट ओसरीवर टेकवलं. गोणपाटातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

तेवढ्यात बायका आल्या. उन्हानं लाल झालेल्या, पदरानं वारा घेणाऱ्या. पुढे चर्चच्या पाळकांच्या पत्नी विजयमालाबाई, शुद्ध बोलणाऱ्या, स्तोत्र वाचावं तसं प्रत्येक अक्षर सुटं सुटं. मागे धापा टाकत लंकाबाई. विजयमालाबाईंची नजर गोणपाटावर गेली आणि त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "दीनाबाई, तुमच्याकडे बर्फ आहे?"

आता पाळकीणबाईंना नाही कसं म्हणायचं? दीनानं चहाचं आधण उतरवलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

एलियानं ओसरीवर बसकण मारली. बर्फ फोडला. मोसंबी सोलली नाही, आडवी कापून पिळली. साल तेवढी वेगळी काढून पेल्यांच्या कडेवरून फिरवली. सब्जा भिजून टपोरा झाला होता. मग त्यानं पुदिन्याची पानं डाव्या तळहातावर ठेवली आणि वरून उजव्यानं एक टाळी दिली. एकच.

"आता भजन म्हन्ता का काय, एलियाभाऊ?" लंकाबाई म्हणाली.

"पुदिन्याला रगडायचं न्हाई, बाई. रगडला की कडू व्हतो. नुसतं जागं करायचं."

आणि तो जागा झाला. दोन खोल्यांत, ओसरीत, बाहेर तापलेल्या दगडांवर तो वास पसरला. ऊन जरा मागे सरकल्यासारखं वाटलं.

बायका प्यायल्या. दीनानं पेला हातातही घेतला नाही. पेले घामेजले, बोटं गार पडली, गप्पा मंदावल्या. विजयमालाबाईंचे डोळे अर्धे मिटले. "माझ्या वडिलांच्या मळ्यात," त्या कुठून तरी लांबून बोलल्या, "विहिरीवर एक लिंबोणी होती. मोट रिकामी होताना तिच्या फुलांवर पाणी उडायचं..." सगळ्यांना ते पाणी दिसत होतं. लंकाबाई तर हळूहळू डुलू लागली.

"एलियाभाऊ," तिनं जड आवाजात विचारलं, "साहेब ह्याला काय म्हन्त्यात ओ?"

एलिया स्वतःच्याच वासात तरंगत होता. तो तसाच बोलून गेला, "कॉकटेल."

"काकटेल? म्हंजी त्याल हाय व्हय ह्यात?"

पण विजयमालाबाईंचे डोळे टक्क उघडले. "कॉकटेल?" त्यांनी पेला खाली ठेवला. "एलियाभाऊ, कॉकटेल म्हणजे दारू!"

"न्हाई बाई! दारू घातली तर. ह्यात न्हाई घातलेली."

"मग मला हे असं हलकं हलकं का वाटतंय?"

"मला बी!" लंकाबाई किंचाळली. "मगाधरनं माजे पाय भुईला लागंनात!"

"लागतील कसे? मांडी घालून बसलीयास," कुणीतरी म्हणालं, पण हसलं कुणीच नाही. जन्मात कधी थेंब न घेतलेल्या त्या बायकांना दारू चढते म्हणजे काय होतं, हेच ठाऊक नव्हतं. आणि जे ठाऊक नव्हतं ते आपल्याला झालंय, अशी एकेकीची खात्री पटत चालली. उद्या चर्चच्या मंडळीत काय होईल याची एलियाला भीती नव्हती. तो भिंतीकडे बघत होता.

भिंतीपासून दीना सुटली. पुढे आली. तिनं विजयमालाबाईंचा पेला उचलून नाकाशी धरला, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. इतका वेळ, की बाहेरच्या कावळ्याचं ओरडणंही कुणाला ऐकू येईना.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या बापाचा वास मी झोपंत बी वळखीन. ह्यो त्यो न्हाई."

आणि ज्या पेल्याला तिनं हात लावला नव्हता, तो स्वतःचा पेला तिनं ओसरीवरून घेतला. एक घोट घेतला. थांबली. जिभेवर काहीतरी उलटंपालटं करून बघावं तसं तिचं तोंड हललं. एलिया श्वास रोखून बघत राहिला. मग दुसरा घोट, तिसरा, आणि तिच्या गळ्याची शीर वरखाली होत राहिली. तळाचे सब्ज्याचे मणी तेवढे उरले.

तिनं पदरानं ओठ पुसले.

"मीठ कमी हाय," दीना म्हणाली.

साहेबांच्या आख्ख्या पलटणीत हे कुणी बोललं नव्हतं. एलियानं आपला पेला नाकाशी धरला, हुंगला, आणि त्याच्याही ध्यानात आलं. खरंच की.

"कुठं ठिवतीस मीठ?"

"आत, फडताळाच्या खालच्या खणात. तुमीच घ्या जावा."

एलिया आत गेला. इतक्या वर्षांत त्या फडताळाला त्यानं बोट लावलं नव्हतं. मिरच्या, हळद, शेंगदाण्याचा डबा, एकेक झाकण उघडून तो हुंगत राहिला. बाहेर विजयमालाबाईंनी गीताला सुरुवात केली होती, नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या पट्टीत, आणि लंकाबाई मधेच ओरडत होती, "एलियाभाऊ, मिठाचं मला बी एक!"