देखं का ऐकं?

"बाई गेल्या," असं माझ्या धाकट्या बहिणीनं शिंदखेड्याहून फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "कोनी सांगं तुले?" ती चिडली. "अगं, सकाळीच नेलंसुद्धा त्यांना..." चिडणारच. पण ते वाक्य माझं नव्हतंच, गेलेल्या सोनवणे बाईंचंच होतं; कुठल्याही बातमीवर 'कुणी सांगितलं तुला?' हे त्या असंच विचारायच्या. पाच आठवडे झाले, तरी त्या वेळी तेच कसं सुचलं म्हणून माझी मलाच लाज वाटते.

नव्वद सालच्या आसपास गावच्या शाळेत बाई आम्हाला सातवीला होत्या. मूळच्या जळगावच्या, त्यामुळे त्यांची वेगळ्या हेलाची अहिराणी म्हणजे आम्हा पोरींची फुकटची करमणूक. पण दोन शब्द त्यांनी पक्के धरले होते. रोज सकाळी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायच्या, एकीकडे 'देखं', म्हणजे स्वतः पाहिलेलं, दुसरीकडे 'ऐकं', म्हणजे नुसतं ऐकलेलं. घरून आणलेली बातमी ज्यानं त्यानं योग्य बाजूला लिहायची. 'ऐकं'ची बाजू खालपर्यंत भरायची. 'देखं'मध्ये कुणाची तरी म्हैस व्यालेली असायची, बस्स.

त्या वर्षी पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. आया आम्हाला अंगणातही एकटं सोडेनात. एका दुपारी बांगड्या विकणारी एक परगावची बाई आली, तर लोकांनी तिला धरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं. कारण मी. मैत्रिणीकडून ऐकलेलं मी भाव खायला आईला सांगितलं होतं, की त्या बांगडीवालीनं एका पोरीला कसलीतरी गोळी दिली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाईंनी मला वर्गाबाहेर बोलावलं. ओरडल्या नाहीत. "तू कुठे उभी होतीस? गोळी कोणत्या हातानं दिली?" मी डावा म्हटलं, मग उजवा... आणि रडायला लागले. बाईंनी माझा हात धरला आणि थेट ग्रामपंचायतीसमोर नेलं. पन्नासेक माणसं, कुणाच्या हातात काठ्या. पुढेच माझे आबा.

"सांग," बाई म्हणाल्या.

"मी देखं नही, आबा. ऐकं."

मग आबांनीच जाऊन कडी काढली. ती बाई आपलं बोचकंही न उचलता स्टँडकडे पळाली. घरी आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एक जण शाळेत येऊन बाईंना म्हणाला, "पोरींना मोठ्यांसमोर उलटं बोलायला शिकवता?" बाई म्हणाल्या, "उलटं नाही हो भाऊ, खरं. तेच तिला जड गेलं."

बाईंनी ते बोचकं कपाटात जपून ठेवलं, कधीतरी ती परत येईल म्हणून. ती आली नाही.

आता मीही शिकवते, धुळ्याला. फळ्यावर तीच रेघ मारते. बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरी म्हणाल्या, "बाई, आज तुमची बातमी?" मी खडू उचलला. बाईंना एकदा भेटायला जाईन जाईन म्हणत मी दोन वर्षं घालवली होती. 'माझ्या बाई गेल्या' एवढं लिहिलं... 'ऐकं'च्या बाजूला.