प्रभाताईंची रायफल: लांब की आखूड?

बंदुकांच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरवर उभं राहिलं की काय साठतं? लोकांना वाटतं पराक्रमाच्या गोष्टी. छे हो! साठतात ते गोंधळ. एक सांगायला घ्यावा तर दुसरे चार मध्येच घुसतात. एकट्या प्रभाताईंच्या रायफलीचेच घ्या ना!

प्रभाताई आमच्या बनारसच्या मराठी मंडळींतल्या. रेल्वेतून रिटायर झालेल्या, रायफल क्लबच्या जुन्या नेमबाज. मागच्या वर्षी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तो हात पुरता मागे जाईना. पण हिवाळ्यातल्या स्पर्धेत उतरायचंच, हा हट्ट! "एकदा तरी परत उभी राहीन रे, मग खुशाल घरी बसेन," म्हणायच्या. परवाना हातात होता. रायफल ऑर्डर देऊन बनवून घ्यायची होती. परवान्यावरची खरेदीची मुदत दोन महिन्यांत संपणार होती; त्याआधी ऑर्डर नोंदवली की भागत होतं. आणि गाडी अडली कुठे? ॲक्शन लांब घ्यायची की आखूड!

* * *

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "ही ॲक्शन म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, "दाराची कडी सरकवतेस ना? रायफलीचा बोल्ट तसाच. मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. ही कडी जिच्यात सरकते ती ॲक्शन. काडतूस लांब असेल तर ॲक्शन लांब, बोल्ट जास्त ओढायचा. आखूड असेल तर थोडक्यात भागतं."

"मग आखूड घ्या की! त्यांचा हात दुखतो ना?"

"आखूड काडतूस इथे मिळत नाही गं. लांबवालंच मिळतं."

तिने घास हातातच धरला. "म्हणजे जी ओढता येते तिला गोळी नाही, आणि जिची गोळी मिळते ती ओढता येत नाही?"

"हो."

"आणि तुम्ही दिवसभर दुकानात हेच करता?"

* * *

मग विद्यापीठातले कुलकर्णी सर आले. इंजिनिअरिंग शिकवतात, क्लबात नेमबाजीही करतात. म्हणाले, "भावनेत जाऊ नका. डेटा बघू!"

लॅपटॉप उघडला. वजन, धक्का, काडतुसांची उपलब्धता, ताईंच्या कोपराचा कोन, थंडीत बोट आखडण्याची शक्यता, सगळ्याचे कॉलम केले. प्रत्येकाला मार्क दिले. तीन दिवस दुकानाच्या चहावर हे संशोधन चाललं. चौथ्या दिवशी सरांनी एंटर दाबलं.

लांब: बहात्तर. आखूड: बहात्तर.

आमचे मालक दादा हबकलेच. "सर, मग आता?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "अजून एक कॉलम लागेल!"

* * *

दादांना कॉलमचा कंटाळा आला. त्यांनी रॅकवरच्या दोन जुन्या रायफली काढल्या, रिकाम्या आहेत ना ते दोनदा तपासलं आणि म्हणाले, "हातात घेऊनच बघू या. हाथ कंगन को आरसी क्या!" आधी त्यांनी स्वतः ओढून बघितलं. मग कुलकर्णी सरांनी. मग मी. खटाक, खटाक! अर्धा तास आम्ही तिघं घामाघूम. सर म्हणाले लांबवाली गुळगुळीत आहे, दादा म्हणाले आखूडवाली चपळ आहे.

ताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी ओढून बघू का?"

"नको, नको!" आम्ही तिघंही ओरडलो. "खांदा दुखेल!"

* * *

हे सगळं शास्त्रीबुवांच्या कानावर गेलं. शास्त्रीबुवा पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात. जन्मभर न्यायशास्त्र शिकवलं, आणि तरुणपणापासून एअर रायफलीचा नाद. ते दुकानात आले, उपरणं सावरलं आणि लांब ॲक्शनची बाजू अशी मांडली म्हणता! काडतुसं मिळतात, बोल्टला मोकळी जागा राहते, पुढेमागे रायफल विकली तर गिऱ्हाईक मिळतं. एकेक मुद्दा खिळ्यासारखा ठोकला. दादांना इतकं पटलं, इतकं पटलं, की त्यांनी तिथल्या तिथे रायफल बनवणाऱ्या कारखानेवाल्याला व्हॉट्सॲप केलं: लंबी.

शास्त्रीबुवांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "हा झाला पूर्वपक्ष. आता याचं खंडन करतो."

दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला! शास्त्रात आधी समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची आणि मग ती खोडायची. काशीत वाढलेल्या दादांना हे लहानपणापासून ठाऊक. पण रायफलीच्या बाबतीत लक्षातच आलं नाही! पुढच्या तासाभरात बुवांनी लांब ॲक्शनचा पार भुगा केला. ताईंचा खांदा हाच मुख्य हेतू, बाकी सगळं गौण! दादांनी घाईघाईने दुसरा मेसेज केला: छोटी.

"परंतु," शास्त्रीबुवा म्हणाले, "यावरही एक आक्षेप संभवतो."

संध्याकाळपर्यंत एकूण पाच मेसेज गेले. मग कारखानेवाल्याचाच फोन आला. "भाई साहब, एक बात बताइए. रायफल एक बनानी है कि पाँच?"

* * *

शेवटी दादा म्हणाले, गणपतीपुढे चिठ्ठ्या टाकू. एकीवर 'लांब', एकीवर 'आखूड'. शास्त्रीबुवांनी कागदाचा तिसरा तुकडा मागून घेतला, काहीतरी खरडलं आणि टाकला. ताईंनी डोळे मिटून हात जोडले, एक चिठ्ठी उचलली.

निघाली ती तिसरीच. 'पुनर्विचार व्हावा.'

ताईंचा बांध फुटला तो तेव्हा. "अरे, आठ दिवस राहिलेत मुदतीला! परत कचहरीत अर्ज, परत तपासणी, तोवर हिवाळा संपेल. माझी चेष्टा लावलीय का तुम्ही?" डोळ्यांत पाणी होतं. मला तर फार वाईट वाटलं, कारण त्यांच्या जागी मी असतो तर दुकानच सोडून गेलो असतो.

* * *

आणि आता शेवटचा. मुदतीला चार दिवस. सगळे दुकानात, तोच वाद, तोच चहा. तेवढ्यात कारखानेवाल्याचा फोन. दादांनी स्पीकरवर टाकला.

"लंबी-छोटी बाद में बताइए. फॉर्म में एक खाना खाली है. बोल्ट दाहिने हाथ का कि बाएँ हाथ का?"

दादा हसले. "अरे भाई, दाहिना! और क्या?"

"एक मिनिट!" ताई स्टुलावरून उठल्या. फोनजवळ आल्या. "बाएँ हाथ का बनता है क्या?"

"बनता है मैडम. ऑर्डर का माल है, जैसा कहिए."

ताईंनी काउंटरवरचा पेन डाव्या हातात घेतला आणि फॉर्मच्या आमच्याकडच्या प्रतीत, त्या रिकाम्या रकान्यात सावकाश, पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं लिहिलं: डावा.

"दहा महिने झाले," त्या म्हणाल्या. "पोळ्या डाव्या हाताने, कुलूप डाव्या हाताने. घरी काठी डाव्या खांद्याला लावून रोज नेम धरते. हा हात पाहिजे तितका मागे जातो. पण क्लबात सगळ्या रायफलींचा बोल्ट उजवीकडे, म्हणून गप्प बसले. मला वाटलं, तो उजवीकडेच असतो."

फोनमधून आवाज आला, "हैलो? तो लंबाई क्या लिखें?"

"लंबी लिखिए," ताई म्हणाल्या. "जिसकी गोली बनारस में मिले."

फोन बंद झाला. कुलकर्णी सरांनी लॅपटॉप मिटला. शास्त्रीबुवांना आयुष्यात पहिल्यांदा आक्षेप सुचेना. ताई माझ्याकडे वळल्या.

"वसंता, सव्वीस वर्षं या काउंटरवर उभा आहेस ना रे? डावा बोल्ट असतो, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं ताई."

"मग दोन महिने बोलला का नाहीस?"

मी म्हणालो, "ताई, आम्ही लांबी बघत होतो!"