इशाऱ्याला मी धमकी समजलो

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत असताना ती मी कुणाला पूर्ण सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात माझ्या बाजूने काही नव्हतं.

पाली गावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सकाळी एका मोटारीने मासळीची पाटी घेऊन निघालेल्या बाईला उडवलं. बाई वाचली, पण पाय मांडीत मोडला. मी त्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गाडी चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, मुंबईतून मीरा रोडला राहायला आलेले, ऑफिसात बऱ्या हुद्द्यावर.

"साहेब, पेडल पार खाली गेलं. ब्रेक लागलाच नाही."

पुढच्या डाव्या चाकाच्या आतून तेल ओघळलेलं होतं. पंचनाम्यात तेवढं नोंदवलं आणि मनात ठरवून टाकलं, की ब्रेकचा पाइप कुणीतरी कापलाय. तीस वर्षं गाड्यांतून फिरलो, पण ब्रेकबद्दल माझं ज्ञान एवढंच होतं.

दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. त्याच्या सांगण्यानुसार, मीरा रोडच्या हाटकेश भागात एका गाळ्यात गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं या गृहस्थांशी चार दिवसांपूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि "ही गाडी ठोकणार, लिहून ठेवा" असं मिस्त्री सगळ्यांसमोर ओरडला होता. शेजारच्या गाळेवाल्यांनीही तेच सांगितलं. गृहस्थांना विचारलं, तर ते खाली बघत म्हणाले, "हो, तसं बोलला होता." मला आणखी काही नको होतं.

मिस्त्रीला मी स्वतः आणायला गेलो. तो एका गाडीखाली झोपून काम करत होता. हवालदाराला सांगून त्याला पायाला धरून बाहेर ओढायला लावलं. सगळी गल्ली बघत होती. दंडाला धरून जीपमध्ये बसवलं, तेव्हा त्याने हात पुसायला फडकं मागितलं. तेही घेऊ दिलं नाही.

ठाण्यात तो एकच सांगत राहिला. "साहेब, मी काही कापलं नाही. ते गाडीवाले एसीच्या कामाला आले होते. चाक वाजत होतं म्हणून मी खोलून बघितलं, तर ब्रेकचे पॅड संपलेले. म्हटलं, गाडी सोडत नाही. ते म्हणाले, थांबतेय ना गाडी? मग झालं तर. चावी दे. त्यावर मी बोललो, ही ठोकणार म्हणून."

"म्हणजे तुला आधीच माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणूनच तर सांगितलं ना, साहेब!"

त्याने आवाज चढवला असं मला वाटलं. मी त्याच्या थोबाडीत मारली. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा माणूस. तो रडला नाही, ओरडला नाही. भिंतीकडे बघत बसला. मी ते गुन्हेगाराचं गप्प बसणं समजलो. संध्याकाळी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवसभर बाकावर बसवून ठेवलं.

त्याच दिवशी मी जखमी बाईचा जबाब घ्यायला हॉस्पिटलात गेलो. पायाला वजन लावलेलं, तरी बाई खणखणीत बोलत होती.

"गाडी मना दिसली न्हाय, पयला आवाज आयकला. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. मी वळून बघतंय तर अंगावरच."

"असा आवाज आधी कधी ऐकलाय?"

"त्याच गाडीचा आयकलाय. दर रविवारी येतंय ती दर्यावर. आमी बाया हसायचो, आली करवत म्हणून. मालकाला ऐकू येत न्हाय का?"

पाइप कापला असता तर करवत वाजली नसती, एवढं माझ्याही लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी आरटीओचे निरीक्षक तपासणीला आले. त्यांनी चाक काढलं आणि मला शेजारी उकिडवं बसवलं. पाइप शाबूत होता. पॅडचा घासणारा थर पूर्ण गेलेला, नुसती लोखंडी पट्टी उरलेली. चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर बोट अडकेल एवढ्या चरी पडल्या होत्या.

"पॅड इतके झिजले की त्यांना दाबणारा आतला दट्ट्या जागा सोडून बाहेर येतो," ते म्हणाले. "मग तेल वाहून जातं आणि पेडल खाली बसतं. पण हे अचानक होत नाही. आधी बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो, मग घरघर. ब्रेकच्या टाकीतलं तेल उतरतं, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. गाडी महिनोन् महिने सांगत असते."

मी गृहस्थांना बोलावलं. लाल दिव्याचं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला. "लागत होता. मी त्याच्यावर स्टिकर लावला होता. सारखा डोळ्यांत यायचा." मग म्हणाले, "फोन माझ्या मेहुण्याने केला होता, दोष मिस्त्रीवर जावा म्हणून. मला माहीत होतं. मी गप्प बसलो."

निष्काळजीपणाचं दोषारोपपत्र त्यांच्यावर गेलं. वरिष्ठांनी तपासाबद्दल माझी पाठ थोपटली आणि मी थोपटून घेतली. मिस्त्रीला हवालदाराकरवी निरोप धाडला, आता यायची गरज नाही. एवढंच. पोलिसांनी ओढून नेलेल्या माणसाकडे गाडी कोण देणार? वर्षाच्या आत त्याचा गाळा बंद झाल्याचं कानावर आलं. मी चौकशीही केली नाही.

या प्रकरणाने मला ब्रेक शिकवला, असं मी मित्रांना सांगत असे. खरं तर त्याने मला माझा बंद कान दाखवला. जो माणूस अपघात टाळायला ओरडला, त्याचाच शब्द मी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहून घेतला. त्या गृहस्थांनी दिव्यावर स्टिकर लावला होता, मी जिवंत माणसाच्या तोंडावर हात उगारला.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी त्याला शोधून काढलं. केबिन रोडच्या मागे दुसऱ्याच्या गॅरेजात तो कामाला होता. केस पांढरे झाले होते. त्याने मला लगेच ओळखलं आणि उठून उभा राहिला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा," मी म्हटलं. "मी माफी मागायला आलोय. तुमच्यावर हात उचलला, तो माझा गुन्हा होता."

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "साहेब, ती थोबाडीत अजून आठवते. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त ती चावी आठवते. मी द्यायला नको होती. त्या बाईचा पाय वाचला असता."

ज्याची काही चूक नव्हती, तो एवढी वर्षं स्वतःला दोष देत होता, आणि मी शाबासकी घेऊन निवांत झोपत होतो.

निघताना तो माझ्यासोबत गाडीपर्यंत आला. चाकाजवळ वाकून आत बघितलं आणि सवयीने विचारलं, "पॅड शेवटचे कधी बघितलेत, साहेब?"

मला आठवेना. त्याने हात पुढे केला. मी मुकाट्याने चावी त्याच्या हातावर ठेवली आणि चालत घरी आलो.