बाराशे किलोमीटर आणि मार्थाचे पेरू

सावेडीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली, झाकणावर कागदी सील चिकटलं, त्यावर माझ्या सुनेने सही केली आणि मग मी. सहीआधी मी दोनदा चष्मा पुसला. चाळीस वर्षं पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेली बाई एका सहीला एवढा वेळ लावते, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

माझी सून सरिता हिच्याकडे हायब्रिड गाडी आहे, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. जिल्ह्यात अशा गाड्यांच्या मालकांचा एक गट आहे आणि त्यांचा एक खेळ आहे. टाकी एकदा भरायची, जिल्ह्याबाहेर जायचं नाही, वर एक थेंब घालायचा नाही आणि गाडी जास्तीत जास्त लांब न्यायची. आजवर कुणी बाराशेला पोचलेलं नव्हतं. स्टिअरिंग कुणीही धरावं, पण सोबत एक साक्षीदार लागतो. त्याने वहीत नोंदी करायच्या. सील फाडायचा हक्कही त्याचाच, आणि ते फाटलं की खेळ संपला. सरिताच्या मैत्रिणींनी या कामाला आधीच हात जोडले होते. उरले मी.

निघताना माझा मुलगा सॅमी फाटकाशी उभा होता. याआधी दोनदा सरिताची गाडी कोरडी पडून रस्त्यात थांबली होती, दोन्ही वेळा ती ओढून आणावी लागली होती.

"असं कोरडं चालवून बॅटरीचं वाटोळं होतं," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा रस्त्यात बंद पडली की विकायची. ठरलं ना?"

"ठरलं," सरिता म्हणाली. घरातल्या सगळ्यांचा सल्ला मोडून तिने ही गाडी निवडली होती.

पहिले दोन दिवस पूर्वेकडे काढले. पाथर्डी, जामखेड, कर्जत. ताशी पंचेचाळीस. एसी बंद. सरिता गाडीला जरा वेग द्यायची, मग पाय उचलायची, आणि समोर हिरवा दिवा लागून गाडी आवाज न करता बॅटरीवर घरंगळत राहायची. ब्रेक दाबणं म्हणजे पाप. शंभर पावलांवर म्हैस दिसली की तिच्या मनात काय आहे याचा आम्ही दोघी तिथूनच अंदाज बांधायचो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून पुढे जायचे आणि जाताना आत डोकावायचे. पाथर्डीच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला कितीतरी वेळ आमच्या शेजारून चालला होता.

"मावशी, गाडीला काय झालंय? ढकलू का?"

"काही नाही झालं. अशीच चालते," मी म्हणाले.

"नवी दिसती की," तो हळहळला आणि गेला.

जामखेडला मुक्काम. जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या) आणि बाजरीची भाकरी. मी दोन वाट्या संपवल्या. तिसरी घेताना सरिताने माझ्याकडे असं पाहिलं की वाटी मी खाली ठेवली. तिच्या हिशेबात मीही वजनच होते.

तिला हसायचा मला अधिकार नाही. सव्विसाव्या वर्षी मीही पेट्रोल वाचवायची. माझ्याकडे मोपेड होती आणि भयंकर अक्कल होती. उतार आला की ती बाई, म्हणजे मी, इंजिन बंद करायची आणि पदर खोचून, मान ताठ करून, पंढरपुरी म्हशीच्या ऐटीत खाली यायची. एकदा मागे आमच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. उताराच्या तळाशी वळण होतं आणि वळणावर कडब्याची गंजी. दोघी गंजीत. मुख्याध्यापिका केसांतला कडबा काढत असताना ती बाई त्यांना म्हणाली, "पण पेट्रोल वाचलं, मॅडम." त्या वर्षी मला शिकवायला दांडग्या पोरांची पाचवी 'ड' मिळाली.

तिसऱ्या दिवशी श्रीगोंदा, पारनेर. चौथ्या दिवशी संगमनेरवरून अकोले तालुक्याकडे, तिथे डोंगर जवळ आले आणि हवा गार झाली. चंदनापुरी घाटाच्या उतारावर बॅटरी भरत गेली तशी सरिता पहिल्यांदा गुणगुणली. मला मात्र झोप नव्हती. डोळे मिटले की समोर टाकीचा काटा. तो रोज एवढासा खाली यायचा आणि मी वहीत आकडा लिहिताना श्वास धरायची.

पाचवा दिवस परतीचा. राहात्याला माझी धाकटी बहीण मार्था राहते, तिची पेरूची बाग आहे. चहाला थांबलो तेव्हा अकराशे चोवीस झाले होते.

"ताई, वानोळा (शेतातलं नवं काही नात्यात द्यायचं ते) नेशील ना?" मार्थाने विचारलं.

"या वेळी नको गं. गाडीत वजन चालत नाही."

"बरं," ती म्हणाली. मार्था 'बरं' म्हणाली की माणसाने उठून बघायला हवं, हे मला सत्तर वर्षांत कळायला हवं होतं. मी चहाच पीत बसले.

बाभळेश्वर मागे पडलं आणि सरिताच्या कपाळाला आठी पडली. "आई, गाडी ओढत नाहीये." बाजूला घेऊन डिकी उघडली. पेरूचे तीन क्रेट, वर गोणपाट, गोणपाटावर मार्थाची चिठ्ठी: 'राग मानू नका.'

परत जाणं म्हणजे किलोमीटर आणि पेट्रोल दोन्ही. टाकून देणं सरिताच्या हाताला जमेना, माझ्याही नाही. कोल्हारच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. कडेला तोडणीवाल्या बायका पाण्याला थांबल्या होत्या. मी एक क्रेट त्यांच्यापुढे ठेवला.

"कसं दिलं?" एकीने विचारलं.

"तसेच घ्या. फुकट."

तिने माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिलं. "फुकट का? किडलेलं हाय का?"

"खाऊन बघा."

तिने एक फोडला, वास घेतला, खाल्ला. मग सगळ्यांनी घेतले. माझा जीव हलका होतोय तोवर तीच बाई ट्रॅक्टरमागून आली आणि तिने डिकीत उसाची मोळी टाकली.

"अहो, नको."

"न्हाई कसं. रिकाम्या हातानं धाडत्यात व्हय कुनाला?"

पुढे एका वस्तीवर दुसरा क्रेट दिला. तिथल्या आजोबांनी भोपळा आणून मांडीवर दिला, थेट माझ्या. "लई गोड हाय," म्हणाले. तिसरा क्रेट एका चहावाल्याला दिला, त्याने शेंगांची पिशवी बांधली. तीन क्रेट उतरवले आणि भरपाई होऊन आम्ही जवळजवळ तेवढ्याच वजनाने निघालो. सरिता हसावं की रडावं अशी बसली होती. मला भोपळा परत करवला नव्हता, कारण माझ्या दारात कुणी पेरू घेऊन आलं असतं तर मीही हेच केलं असतं. डबा रिकामा परत करायचा नाही, हे मी अर्ध्या जिल्ह्याच्या पोरांना शिकवलं आहे.

राहुरीला काटा तळाशी गेला. किती किलोमीटर उरले ते सांगणाऱ्या खिडकीत आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा आल्या. विळद घाटाच्या अलीकडे शेवटचा पंप आहे. अकराशे शहाऐंशी. सरिताने गाडी कडेला घेतली.

"मागच्या वेळी याच चढावर बंद पडली," ती म्हणाली. "आई, काय करू? आत घेऊ?"

माझं बोट सीलपर्यंत कसं जाईल याचा मी मनात रस्ता आखून ठेवला होता. तोंडातून मात्र निघालं, "चल."

कोण बोललं कुणास ठाऊक. गंजीत शिरलेली ती बाईच असावी.

घाट फार मोठा नाही. पण त्या दहा मिनिटांत मी एक स्तोत्र तीनदा म्हटलं आणि दोनदा चुकले. मागे ट्रक हॉर्न मारत होता. सरिता स्टिअरिंगवर पुढे झुकून, गाडीला पाठीने ढकलल्यासारखी बसली होती. चढ संपला, हिरवा दिवा लागला, आणि एमआयडीसीचे शेड उजव्या हाताला मागे जाऊ लागले. बोललं तर पेट्रोल जळेल असं वाटत होतं.

संध्याकाळी फाटकात शिरलो तेव्हा आकडा होता अकराशे नव्व्याण्णव.

"एक फेरी," मी म्हणाले. "कॉलनीला एक वळसा."

सरिताने गाडी बंद केली. "नको, आई. तुमचा लेक वर गॅलरीत उभा आहे. आता बंद पडली तर गाडी जाईल. मला गाडी हवीय." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "सील फाडा."

"माझी नखं कापलेली आहेत," मी म्हणाले. "उद्या फाडते." आणि शेंगांची पिशवी घेऊन मी घरात गेले.

सकाळी सॅमीनेच किल्ली उचलली. "पंपावर मी नेतो. तुम्हा दोघींचा भरवसा नाही." सील अजून तसंच होतं. आम्ही मागे बसलो. त्याचा पाय त्याच्या बापासारखा जड आहे. एसी लावला, गाणी लावली, सिग्नल सुटताच गाडी अशी पळवली की माझी वही खाली पडली. पाच दिवसांत आम्ही जे थेंबाथेंबाने राखलं ते तो ओतत होता. सरिताने माझा हात धरला होता, नखं लागत होती. दुसऱ्या चौकात आकडा बदलला. बाराशे. तिने हात अजून आवळला आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

पुढच्या चौकानंतर इंजिन गप्प झालं. गाडी हिरव्या दिव्यावर थोडी गेली, मग दिवाही गेला. पंप वीस पावलांवर होता, आणि आम्ही भर रस्त्यात.

सॅमीने किल्ली फिरवून पाहिली. पुन्हा फिरवली. मागे रिक्षावाले ओरडायला लागले.

"मग," सरिताने हळूच विचारलं, "विकायची का?"

तो उतरला, बाह्या सारल्या आणि गाडीला खांदा लावला.

पाच दिवसांत मी हा जिल्हा पंचेचाळीसच्या वेगाने पाहिला. त्या वेगाने म्हैस म्हैस दिसते आणि माणूस माणूस. जिवाला घोर मात्र दीडशेच्या वेगाचा लागतो. घरी आल्यावर तीन रात्री मला काटा स्वप्नात दिसला. तरी सरिता पुन्हा निघाली तर मी नाही म्हणेन असं वाटत नाही.

वहीच्या शेवटच्या ओळीत किलोमीटर, ठिकाण आणि चालकाचं नाव लिहायचं असतं. त्या सकाळी सॅमी खांदा लावत होता तेव्हाच, मागच्या सीटवर बसून, मी बाराशे लिहिलं, पंपासमोर लिहिलं, आणि पुढे माझ्या मुलाचं पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात. मग उतरले आणि त्याच्या शेजारी ढकलायला लागले.